प्रत्येकाचे प्रत्येकाशी

दिवाळी अंकाचा मजकूर दिवाळीच्या पुष्कळ आधी द्यावा लागतो. त्यामुळे आम्ही लेखकमंडळी वाचकांच्या ताटात नेहमी गेल्या दिवाळीचा फराळ वाढतो. शंकरपाळे जरा मऊ पडले असतील, चिवड्यातले दाणे थोडे खवट लागतील. पण नेहमीचे वाचक घरचेच असल्यामुळे ते चालवून घेतात, हा माझा अनुभव आहे. तेव्हा आजची हकीकतही गेल्या दिवाळीचीच आहे.

प्रथम माझा गुन्हा सांगतो. मी निवृत्त माणूस आहे. निवृत्त माणूस दिसला की सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या तोंडाला पाणी सुटते. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत १८ बिऱ्हाडे. त्यांतला मी एकटाच असा, की ज्याला सकाळची लोकल गाठायची नसते. म्हणून चार वर्षांपूर्वी मला एकमताने खजिनदार करण्यात आले. एकमत म्हणजे माझे सोडून बाकी सर्वांचे.

त्या वर्षी उन्हाळ्यात पाण्याचे टँकर मागवावे लागले होते. खर्च माणशी वाटून घ्यायचा असे ठरले. माझ्याजवळ दोन याद्या होत्या. एका यादीत फ्लॅटचा क्रमांक आणि मालकाचे नाव. दुसऱ्या यादीत फ्लॅटचा क्रमांक आणि टँकरच्या खर्चातला त्या घराचा वाटा. दोन्ही याद्यांत १८-१८ ओळी. या दोन्हींची सांगड घालून १८ चिठ्ठ्या छापायच्या आणि घरोघर द्यायच्या, एवढेच काम होते. हाताने केले असते तर अर्ध्या तासात झाले असते. पण आमची सूनबाई संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे आणि तिने मला त्या यंत्राला हुकूम सोडायला शिकवले होते. हातात अधिकार आला की माणूस साधी कामे हाताने करीत नाही.

हुकूम तीन ओळींचा होता. पहिल्या ओळीत काय काय हवे ते सांगायचे, दुसरीत कोणत्या याद्यांतून घ्यायचे ते, आणि तिसरीत दोन्ही याद्या कशावरून जुळवायच्या ते. तिसरी ओळ अशी, की पहिल्या यादीतला फ्लॅट क्रमांक आणि दुसऱ्या यादीतला फ्लॅट क्रमांक एकच असावा.

आता मी ३४ वर्षे कचेरीत काढली, त्यांतली निम्मी हेडक्लार्क म्हणून. खालून आलेल्या मसुद्यातली शेवटची ओळ कापायची, हा माझा शिरस्ता. शेवटच्या ओळीत कारकून नेहमी पाल्हाळ लावतो. मला वाटले, फ्लॅट क्रमांक तर दोन्ही याद्यांत ढळढळीत लिहिलेला आहे. पाच नंबरचा वाटा पाच नंबरलाच द्यायचा, हे का कुणाला सांगावे लागते? मी तिसरी ओळ कापली.

यंत्राने एका शब्दाने तक्रार केली नाही. छापण्याचा आवाज सुरू झाला आणि त्या तालावर मला छान झोप लागली. एका पानावर चार चिठ्ठ्या मावत होत्या, म्हणजे पाच पानांचे काम. जाग आली तेव्हा ८१ पाने छापून झाली होती, नातवाने कात्रीने कापून त्यांचे गठ्ठे केले होते, आणि वॉचमनने ते दारोदार टाकलेही होते. आमच्या घरात कामे एकदा होऊ लागली की फार झपाट्याने होतात.

चार वाजता पहिली घंटा वाजली. पहिल्या मजल्यावरच्या बाई हातात चिठ्ठ्यांचा पंखा धरून उभ्या होत्या.

"खजिनदारसाहेब, आमच्या घरी माणसं तीन. आणि पाणी सात माणसांचं?"

"तसं नसेल हो. पुढची चिठ्ठी पाहा."

"पुढच्या चिठ्ठीत पाच माणसांचं आहे. त्याच्या पुढच्या चिठ्ठीत दोघांचं. एकूण अठरा चिठ्ठ्या आहेत. मी बेरीज केली आहे!"

त्यांच्या पाठोपाठ बाकीचे आले. प्रत्येकाच्या हातात १८ चिठ्ठ्या. प्रत्येकाच्या नावावर सबंध इमारतीचे पाणी चढले होते. एरवी सभेला गणसंख्या भरत नाही म्हणून आम्ही अर्धा तास थांबून तीच सभा पुन्हा भरवतो. त्या दिवशी माझ्या दारात जिन्यापर्यंत गणसंख्या उभी होती. चकलीचा घाणा अर्धवट टाकून सौ. बाहेर आली, तिने ही गर्दी पाहिली आणि मला एवढेच म्हणाली, "अहो, आता नक्की काय केलंत?"

संध्याकाळी सूनबाई कामावरून आली. तिने माझा हुकूम वाचला आणि पदर तोंडाला लावावा तशी ओढणी तोंडाला लावली.

"बाबा, यंत्राचं काही चुकलं नाही. तुम्ही दोन याद्या दिल्या आणि कशावरून जुळवायच्या ते सांगितलंच नाही. मग त्याने पहिल्या यादीतली प्रत्येक ओळ दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक ओळीशी जोडली. अठरा अठरे किती?"

"तीनशे चोवीस," मी म्हणालो. आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे असत.

"तुमच्या तीनशे चोवीस चिठ्ठ्यांत खऱ्या अठरा चिठ्ठ्याही आहेत. फक्त त्या वेचायच्या राहिल्या. तिसरी ओळ तेवढंच काम करते. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावली असं समजा, आणि त्यांतून जुळणाऱ्या तेवढ्या ठेवा. लग्न जमवताना आपण करतो तसं."

तुलना मला पटली. पंचांगात वधूवरांचे गुणमेलनाचे कोष्टक असते. एका बाजूला वधूची नक्षत्रे, एका बाजूला वराची. कोणाचे कोणाशी ठरणार याची पंचांगकर्त्याला काही कल्पना नसते. म्हणून तो सगळ्याच जोड्या मांडून ३६ पैकी गुण देऊन मोकळा होतो. निवड ज्याची त्याने करावी.

त्या रात्री सूनबाईने मला या प्रकरणाचे कूळही सांगितले. कूळ फ्रान्समधले निघाले. तिथला रने देकार्त हा तत्त्वज्ञ. त्याने १६३७ साली भूमितीवर एक निबंध छापला आणि रेषांचे प्रश्न आकड्यांनी सोडवण्याची वाट दाखवली. कागदावरच्या कोणत्याही ठिकाणाचा पत्ता दोन आकड्यांच्या जोडीने सांगायचा, ही आपल्या शाळेतल्या आलेखाची रीत त्याच वाटेवरची. लॅटिनमध्ये त्याचे नाव कार्टेसियस असे लिहीत. म्हणून दोन समूहांतल्या प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावण्याला आज कार्टेशियन गुणाकार म्हणतात. त्यानंतर तीन शतकांहून अधिक काळ लोटला आणि १९७० साली एडगर कॉड या गृहस्थांनी एक निबंध लिहिला. जन्माने इंग्रज, नोकरी अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या संशोधन विभागात. यंत्रातली माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी आणि त्या कोष्टकांवर गणिताचे नियम चालवावेत, असे त्यांचे म्हणणे. बँकेच्या खात्यापासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत आज जिथे तिथे ही कोष्टके भरलेली आहेत. त्यांना हुकूम सोडण्याच्या भाषेला एसक्यूएल म्हणतात. त्या भाषेच्या १९९२ च्या प्रमाण आवृत्तीत या सर्व जोड्यांसाठी 'क्रॉस जॉइन' असा स्वतंत्र शब्दच दिला गेला. म्हणजे ज्याला मुद्दाम सगळ्या जोड्या हव्यात त्याने तसे स्पष्ट म्हणावे.

"आणि ज्याला नको आहेत त्याने?"

"त्याने तिसरी ओळ कापू नये," सूनबाई म्हणाली.

मग ती म्हणाली की, इमारतीत १८ घरे होती म्हणून ३२४ वर निभावले. एकेका यादीत एकेक लाख नावे असती, तर १,००० कोटी ओळी झाल्या असत्या. मोठमोठ्या कचेऱ्यांत अशी एक ओळ विसरली जाते आणि यंत्र छातीत कळ आल्यासारखे मध्येच बसते. मी छपाईच्या यंत्राकडे कृतज्ञतेने पाहिले.

पण माझे हेडक्लार्की मन अजून शांत झाले नव्हते. नको असलेल्या एवढ्या जोड्या मुद्दाम मागणारा माणूस कोण असेल? फराळाची यादी घ्या: चिवडा, चकली, लाडू. घरातल्या माणसांची घ्या: आजोबा आणि नातू. सहा जोड्या झाल्या. त्यांत आजोबा आणि चकली ही जोडीही आली. आजोबांची कवळी कालच ग्लासात पडली आहे, हे यंत्राला कुठे ठाऊक? मग असल्या निरुपयोगी जोडीची नोंद करायची कशाला?

सूनबाई म्हणाली, "बाबा, बाराखडी कशाला केली मग?"

मी गप्प बसलो. खरेच, बाराखडी म्हणजे दुसरे काय? क पासून ज्ञ पर्यंत ३६ अक्षरे उभी आणि अ पासून अः पर्यंत १२ स्वर आडवे. गुणाकार ४३२. त्यांत 'का' आहे, 'मी' आहे, 'तू' आहे. आणि 'ङै' सुद्धा आहे. 'ङै' हे अक्षर मी आयुष्यात कधी वापरले नाही, यापुढेही वापरण्याचा संभव दिसत नाही. पण बाराखडीने त्यालाही जागा दिली आहे. कोणाचा उपयोग आहे आणि कोणाचा नाही, हे बाराखडी आधी ठरवीत नाही. पत्त्यांचा जोड घ्या: इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे चार रंग आणि एक्क्यापासून राजापर्यंत १३ पाने. चार तेरे बावन्न. किलवरची दुरी कोणालाच नको असते. पण ती हरवली तर डाव मांडता येत नाही. आणि ती हरवली हे कळते कशाने? तर पाने ५२ असतात हे आधीच ठाऊक असते म्हणून.

"आता कसं बोललात!" सूनबाई म्हणाली. "संस्थेचा मासिक खर्च कोणी दिला नाही हे तुम्ही कसं शोधता?"

"पावत्या पाहून."

"पावती कोणाची असते?"

"ज्याने दिले त्याची."

"आणि ज्याने दिले नाहीत त्याची?"

वाचकहो, ३४ वर्षे मी फायली सांभाळल्या. पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. झालेल्या गोष्टीचा कागद होतो. न झालेल्या गोष्टीचा कागद नसतो. हल्ली लोक फोनवरून परस्पर बँकेत पैसे भरतात. मी त्या नोंदी ओळीने वाचून जाई. नोंदी पुष्कळ, शिल्लक बरी, हिशेब ठाकठीक. जे नाही ते दिसणार कसे?

सूनबाईने पुन्हा दोन याद्या घेतल्या. एका यादीत १८ घरे. दुसऱ्या यादीत गेल्या ऑक्टोबरपासून सप्टेंबरपर्यंतचे १२ महिने. या वेळी तिने तो गुणाकार मुद्दाम मागितला. प्रत्येक घर, प्रत्येक महिना: २१६ ओळी. पैसे आलेले असोत नसोत, ओळ आहेच. मग प्रत्येक ओळीपुढे तिने बँकेतली नोंद आणून ठेवली. २०३ ओळी भरल्या. १३ ओळींपुढे काहीच आले नाही.

त्या १३ रिकाम्या ओळी तिने वर आणून एकाखाली एक लावल्या. दोन घरांचा एकेक महिना राहिला होता. तीन ओळी एकाच फ्लॅटच्या होत्या. तो क्रमांक मला ओळखीचा वाटला. सौ. ने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिले आणि म्हणाली, "हा तर आपलाच!"

खजिनदाराचे तीन महिने! चार वर्षे मी संस्थेच्या भिंतीवर 'वेळेवर पैसे भरून सहकार्य करावे' असा फलक लावीत आलो होतो. तो माझ्याच सुंदर अक्षरात आहे.

उरलेल्या आठ ओळी तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांच्या होत्या. फेब्रुवारी ते सप्टेंबर, एकही महिना न चुकता रिकामा.

मास्तर म्हणजे इमारतीतले सर्वांत शांत गृहस्थ. एकटे राहतात. पत्नी जाऊन बरीच वर्षे झाली, मुलगा परदेशात. सभेत शेवटच्या खुर्चीवर बसतात, हात वर करायचा तेव्हा वर करतात, चहा घेऊन जातात. आम्ही वर्षभर तगादा लावला तो दुसऱ्याच एका घराकडे. ते गृहस्थ मोठ्याने बोलतात, म्हणून तेच बुडवीत असतील असे आम्हाला वाटे. त्यांच्या बारा ओळी बाराही भरलेल्या निघाल्या.

मी चिटणीसांना फोन केला. ते घाईत होते. म्हणाले, "मास्तर का? अहो, ते मुलाकडे गेले असतील. बरेच दिवसांत जिन्यात दिसले नाहीत. फ्लॅट बंद समजा आणि यादीतून तूर्त वगळा. अहवाल कसा स्वच्छ दिसेल!"

सूनबाईने ते ऐकले. माऊसवर बोट ठेवून तिने विचारले, "बाबा, त्यांची ओळ काढून टाकू का?"

ते बोट पाहिले आणि मला माझ्या आईचा अंगठा आठवला.

१९६१ साल. पानशेतचे धरण फुटले ते वर्ष. आम्ही तेव्हा गिरगावात चाळीत राहत होतो. आमच्या मजल्यावर १२ खोल्या, पुढे लांबलचक गॅलरी आणि टोकाला एक नळ. दिवाळीत प्रत्येक घरातून प्रत्येक घरी फराळाचे ताट जाई. ताट नेण्याचे काम आम्हा मुलांचे. क्रोशाचा रुमाल झाकलेली ताटली दोन्ही हातांत धरून, फटाक्यांच्या माळा चुकवीत, गॅलरीतून जायचे; आणि रिकामी ताटली परत येऊ नये म्हणून त्या घरच्या काकू चिमूटभर साखर घालत, ती वाटेत खायची.

मला गुणाकार नुकताच आला होता, आणि आलेली विद्या लगेच वापरावी असे वय होते. मी पाटीवर १२ उभी आणि १२ आडवी घरे आखली. आपलेच ताट आपल्याला जात नाही, म्हणून १२ चौकोनांत फुल्या मारल्या. उरले १३२. एखाद्या घरचे ताट निघालेले दिसले की मी त्या चौकोनात टिंब देई. मजल्यावर माझ्या पाटीची चर्चा झाली. शेजारचे अण्णा मला चित्रगुप्त म्हणू लागले.

भाऊबीजेच्या सकाळपर्यंत १३० चौकोन भरले. दोन रिकामे राहिले. एक आमच्याकडून समोरच्या कोपऱ्यातल्या काकूंकडे, आणि एक त्यांच्याकडून आमच्याकडे.

पाटी घेऊन मी आईकडे गेलो. म्हटले, "आई, दोनच राहिलेत. तू ताट दे, मी नेतो."

आईचे आणि त्या काकूंचे श्रावणापासून बोलणे नव्हते. पहाटे चारला नळ येई. बादल्यांच्या रांगेवरून काही झाले होते. काय झाले ते मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि पुढे कधी समजलेही नाही. आईने पाटी हातात घेतली. थोडा वेळ पाहिली. मग अंगठा ओला केला आणि त्या काकूंची आडवी रांग पुसली, मग उभी रांग पुसली.

"ते घर मोजायचं नाही," ती म्हणाली.

मी पुन्हा हिशेब केला. आता ११ घरे. अकरा दाहे एकशेदहा. प्रत्येक चौकोनात टिंब. पाटी पूर्ण भरली होती. आमच्या मजल्यावर आता कुठेही काही कमी नव्हते.

त्याच दिवशी दुपारी काकूंची धाकटी मुलगी ताट घेऊन दारात उभी राहिली. पितळेची छोटी ताटली. तीत चार करंज्या आणि थोडा चिवडा. आईने ताट घेतले. साखर घालून लगेच परत द्यायचे, पण आई म्हणाली, "ताटली राहू दे, मी पाठवते." तिच्या मनात ताट भरूनच पाठवायचे होते, अशी माझी समजूत आहे. उद्या पाठवू, तुळशीच्या लग्नाला पाठवू, संक्रांतीला तिळगुळाबरोबर पाठवू, असे होत राहिले. मे महिन्यात काकूंच्या यजमानांची बदली झाली आणि त्यांनी खोली सोडली. सामानाची हातगाडी चाळीच्या दारातून निघाली तेव्हा आई गॅलरीत उभी होती. ताटली फळीवर होती.

ती ताटली अजून आमच्याकडे आहे. तिच्या काठावर त्यांच्या घरचे नाव घातलेले आहे. आईने ती कधी वापरली नाही, मोडीतही दिली नाही. शेवटच्या आजारपणात एकदा ती मला म्हणाली होती, "त्यांचं ताट द्यायचं राहिलं रे." एवढेच. त्यांचा पत्ता कोणाजवळच नव्हता.

"नको," मी सूनबाईला म्हणालो. "ओळ राहू दे."

दुसऱ्या दिवशी मी नोटीस लिहायला बसलो. नियमाप्रमाणे ती लिहायलाच हवी होती. सौ. ने ती वाचली आणि म्हणाली, "सणाच्या दिवशी असा कागद घेऊन जाणार? आणि तोही स्वतःचे तीन महिने थकलेले असताना?" बायकोच्या बोलण्यात मुद्दा दोनदा असतो. तिने फळीवरून ती पितळी ताटली काढली, चिंचेने लख्ख घासली आणि फराळाने भरली. "बाकीची ताटं सगळी गुंतलीत," असे ती म्हणाली. मी ते खरे मानले.

दार मास्तरांनीच उघडले. ते कुठेही गेले नव्हते. गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, म्हणून जिन्यात दिसत नव्हते, इतकेच. मी ताट ठेवले, इकडचे तिकडचे बोललो आणि शेवटी तो विषय काढला.

मास्तर म्हणाले, "मुलगा तिकडून परस्पर भरत असे. फेब्रुवारीत त्याची नोकरी गेली. त्याने मला सांगितलं नाही. मला सुनेकडून कळलं. मग मीही त्याला विचारलं नाही." थोडे थांबून म्हणाले, "म्हटलं, माझ्या पेन्शनीतून भरू. पण औषधं झाल्यावर दर महिन्याला वाटे, पुढच्या महिन्यात पाहू. कुणी मागायला येईल याची वाट पाहत होतो. आधी वाटलं, पैसे मागायचे विसरले असतील. मग वाटलं, मलाच विसरले असतील."

मी खजिनदार या नात्याने खाली पाहिले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती कारभाराची आहे. मास्तरांची बाकी हप्त्याहप्त्याने घ्यावी असे समितीने ठरवले. मोठ्याने बोलणाऱ्या गृहस्थांची मी माफी मागितली. ती त्यांनी मोठ्याने दिली. माझे तीन महिने मी व्याजासह भरले आणि स्वतःच स्वतःला पावती दिली. तिसऱ्या मजल्यावर आठवड्यातून एकदा कोण जाणार, याचेही सूनबाईने कोष्टक केले: आठवडे उभे, घरे आडवी. त्यात रिकामे चौकोन पडतात, नाही असे नाही. पण पडले की दिसतात.

पाडव्याच्या संध्याकाळी मास्तरांनी मुलाला फोन केला आणि स्वतःच नोकरीचा विषय काढला. हे त्यांनी मला नंतर सांगितले, ताटली परत द्यायला आले तेव्हा. दुखरे गुडघे घेऊन ते दोन मजले उतरले होते. ताटलीत चार रव्याचे लाडू होते, स्वतः वळलेले. पाक जरा पुढे गेला असावा. माझी कवळी आणि ते लाडू ही जोडी केवळ कोष्टकातच शोभावी अशी होती. पण मी एक लाडू त्यांच्यासमोर खाल्ला. ताटली धुऊन सौ. ने पुन्हा फळीवर ठेवली आहे. ती आमची नाही, हे आम्ही विसरलेलो नाही.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाची ताटे वाटायला काढाल तेव्हा आधी घरांची यादी करा, आणि ताटे मोजण्यापूर्वी त्या यादीतल्या ओळी मोजा. रिकामा चौकोन फारसा वाईट नसतो. तो आज ना उद्या भरता येतो. पुसलेल्या ओळीचे तसे नाही.

त्या ३२४ चिठ्ठ्यांचे काय झाले, असे कोणी विचारील. खऱ्या १८ वेचून घेतल्या. उरलेल्या ३०६ मी घरोघर जाऊन परत आणल्या. त्यांची पाठ कोरी होती आणि मी कागद वाया न घालवणाऱ्या पिढीतला आहे. हा मजकूर त्यांच्याच पाठीवर लिहिला आहे. संपादकांना विनंती, की छापताना कृपया मागची बाजू वाचू नये. नाही तर सबंध इमारतीचे पाणी त्यांच्या नावावर चढेल.